मुळाची पारख : बडोदे आणि आस्कंदाचा परदेशी प्रवास

आस्कंद विकत घेणारा जुना व्यापारी आधी मूळ मोडतो. कट्‌ असा आवाज येऊन ते सरळ तुटले, आतून पांढरे आणि पिठूळ निघाले, की त्याचा चेहरा खुलतो. मग तो जाडी बघतो आणि लांबी बघतो. घोड्याच्या मुताची आठवण करून देणारा तो उग्र वास घेण्यासाठी तुकडा नाकाशी धरतो. मध्य प्रदेशातल्या नीमच आणि मंदसौर भागात आस्कंदाची, म्हणजे अश्वगंधेची, मोठी लागवड होते आणि तिथल्या बाजारात मालाची प्रत अशीच ठरत आली आहे. सात सेंटिमीटरांपर्यंत लांब, एक ते दीड सेंटिमीटर जाड, चकचकीत पांढऱ्या गाभ्याचे मूळ पहिल्या प्रतीचे. पाचेक सेंटिमीटर लांबीचे दुसऱ्या प्रतीचे. त्याहून आखूड आणि बारीक ते तिसऱ्या प्रतीचे. पोकळ, पिवळट आणि फाटे फुटलेले मूळ सगळ्यांत शेवटी.

या पारखीला वर्षानुवर्षांच्या सवयीचे बळ आहे आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही. पण तेच मूळ दळून पूड झाली, गोणीतून पिंपात आणि पिंपातून जहाजावर गेली, की मोडून बघण्यासारखे काही उरत नाही. समुद्रापलीकडच्या खरेदीदाराला नाक आणि बोटे पाठवता येत नाहीत. त्याच्या हाती पडतो तो कागद : या तुकडीत काय आहे, किती आहे आणि काय नाही, हे सांगणारा. असा कागद तयार करण्याची विद्या पश्चिम भारतात कशी रुजली, हे शोधताना बडोद्याचे नाव पुन्हा पुन्हा समोर येते. माळव्याकडून मुंबईकडे जाणारी रेल्वे रतलाम, दाहोद, गोध्रा करत बडोद्याला येते. पण या शहराचे महत्त्व नुसते वाटेवरचे ठाणे म्हणून नाही.

औषधी द्रव्याची परीक्षा करावी हा विचार मुळात परदेशी नव्हे. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्याने द्रव्याबद्दल काय काय विचारावे हे सविस्तर आले आहे. ते कोणत्या प्रदेशात उगवले, कोणत्या ऋतूत काढले, कसे घेतले, कसे साठवले, त्यावर कोणते संस्कार केले, हे सारे त्यात आहे. आजच्या निर्यातीच्या कागदपत्रांत शेत, कापणीचा महिना, वाळवण आणि गोदाम यांच्या नोंदी मागतात, त्या पाहिल्या तर प्रश्न तेच असल्याचे ध्यानात येते. फरक पडला तो वैद्य आणि वनस्पती यांच्यातल्या अंतरामुळे. वैद्य स्वतः रानात जायचा किंवा ओळखीच्या माणसाकडून मुळी आणवायचा, तोवर प्रश्नांची उत्तरे त्याच्या डोळ्यांसमोर होती. पुढे मध्ये गांधी, म्हणजे औषधी द्रव्ये विकणारा दुकानदार, आला, आडत्या आला, बंदरातला दलाल आला. प्रत्येक हाताबरोबर एकेक उत्तर गळत गेले.

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या बाजारात हे गळणे पुरेपूर दिसत होते. हातांची ही साखळी किती लांब असे ते बघा : काश्मीरकडचे कुष्ठ म्हणजे कोष्टकोळिंजन भारतातल्या बंदरांतून चीनला जात असे आणि तिथे त्याचा धूप होई. त्या काळात दोन माणसांनी बाजारातल्या औषधी द्रव्यांची पद्धतशीर ओळख पटवायला घेतली. एक डॉ. सखाराम अर्जुन. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांत जे दोन भारतीय होते, त्यांतले ते एक; दुसरे डॉ. आत्माराम पांडुरंग. सखाराम अर्जुनांनी मुंबईत मिळणाऱ्या औषधांची सूची १८७९ मध्ये प्रसिद्ध केली. रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून त्यांचे नाव मराठी वाचकाला ठाऊक असते. वनस्पतिशास्त्रातले त्यांचे काम मात्र फारसे आठवले जात नाही, आणि तसे होणे बरोबर नाही. दुसरा माणूस विल्यम डायमॉक. तो मुंबई सरकारच्या औषधभांडाराचा प्रमुख होता. वॉर्डन आणि हूपर यांच्यासह त्याने लिहिलेला ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा ग्रंथ १८९० च्या आसपास खंडाखंडाने निघाला. बाजारात अमुक नावाने जे विकले जाते ते खरोखर कोणत्या झाडाचे, हा या मंडळींचा मूळ प्रश्न होता.

परक्या देशातून येणाऱ्या मुळाची तपासणी किती कडक असू शकते, याचा एक नमुना त्याही आधीचा आहे. अठराव्या शतकात चीनमधून रशियात येणाऱ्या रेवंदचिनीवर रशियन सरकारची मक्तेदारी होती. सीमेवरच्या क्याख्ता गावी सरकारी औषधतज्ज्ञ बसे. आलेले मूळ तो तुकड्यातुकड्याने पाही, आत कूज आहे की नाही हे कळावे म्हणून भोक पाडून गाभा तपासला जाई आणि नापास माल जाळून टाकत. ही रेवंदचिनी युरोपात महाग विके, तरी लोक तीच मागत. तपासणीवर झालेला खर्च विश्वासाच्या रूपाने परत येतो, हे क्याख्ताच्या व्यापाऱ्यांना कळले होते.

आता बडोदे.

सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था सुरू केली आणि तिची धुरा त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर या तरुण रसायनतज्ज्ञाकडे दिली. गज्जर मूळचे सुरतेचे. रसायनशास्त्र हे परीक्षेत उत्तरे लिहिण्याचे नसून रंगाऱ्याच्या, विणकराच्या आणि कारखानदाराच्या उपयोगाचे शास्त्र आहे, अशी त्यांची धारणा होती आणि कलाभवनाची घडण त्याच धारणेवर झाली. पुढे ते मुंबईला गेले. तिथे त्यांची कीर्ती झाली ती एका अजब कामाने. १८९६ मध्ये चापेकर बंधूंनी मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले होते. तो डाग दगडात मुरला आणि कोणालाच काढता येईना. अखेर गज्जरांच्या रसायनांनी पुतळा पुन्हा पांढरा झाला. चापेकरांच्या कृत्याचे मोल वेगळे आणि गज्जरांच्या कौशल्याचे वेगळे. एतद्देशीय रसायनतज्ज्ञाच्या हातात काय ताकद आहे, हे मात्र त्या प्रसंगाने सरकारला आणि शहराला दिसले.

गज्जरांच्या तालमीत तयार झालेल्या कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्या हातून १९०७ मध्ये अलेंबिक केमिकल वर्क्स ही कंपनी उभी राहिली आणि बडोद्यात तिचे बस्तान बसले. पहिली उत्पादने होती अल्कोहोल आणि टिंक्चर. टिंक्चर म्हणजे वनस्पतीचा, बहुतेक वेळा मुळाचा किंवा सालीचा, अल्कोहोलमध्ये उतरवलेला अर्क. तोपर्यंत ही टिंक्चरे विलायतेहून बाटल्यांतून यायची. गंमत अशी, की त्यांतल्या काहींचा कच्चा माल हिंदुस्थानातूनच गेलेला असे. बडोद्यात अल्कोहोल गाळता आले तर अर्क इथेच काढता येईल, हा हिशेब सरळ होता. पण त्या हिशेबात एक अट दडलेली होती. ब्रिटिश औषधसंहितेने, म्हणजे फार्माकोपियाने, टिंक्चरची ताकद ठरवून दिली होती. दवाखान्याला माल द्यायचा तर ती ताकद सिद्ध करायला हवी. म्हणून अर्काच्या कारखान्याला मोजणाऱ्या माणसाची गरज पहिल्या दिवसापासून होती. मूळ चांगले आहे हे व्यापाऱ्याचे मत. मुळातून अमुक इतका अंश उतरतो, हे रसायनतज्ज्ञाचे विधान. बडोद्यासारख्या संस्थानी राजधानीत ही दोन्ही बोलणी एकाच अंगणात आली.

कलकत्त्यात प्रफुल्लचंद्र राय यांनी बेंगाल केमिकलमधून अडुळशासारख्या देशी औषधांना याच मार्गाने नेले. पुढे कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९३०-३१ मध्ये देशभरच्या औषधबाजाराची पाहणी केली. भेसळीला धरबंध राहिलेला नव्हता. त्या अहवालाच्या पायावर १९४० चा औषध कायदा आला. आयुर्वेदिक, सिद्ध आणि युनानी औषधे मात्र त्याच्या कक्षेत यायला १९६४ ची दुरुस्ती उजाडावी लागली. हा चोवीस वर्षांचा उशीर पुढे फार महागात पडला.

मधल्या काळात एका देशी मुळाने जगाचे लक्ष वेधले. ते आस्कंद नव्हे, सर्पगंधा. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ऑक्टोबर १९४९ च्या ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवर सर्पगंधेच्या मुळाचा काय परिणाम झाला ते मांडले. देशी वैद्य हे मूळ पिढ्यान्‌पिढ्या वापरत होते. दिल्लीत सिद्दिकी आणि सिद्दिकी यांनी आणि कलकत्त्यात सेन आणि बोस यांनी १९३१ मध्येच त्यावर लिहिले होते. पण वकिलांच्या लेखाने पाश्चात्त्य डॉक्टर जागे झाले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या म्युलर, श्लिटलर आणि बाइन या त्रयीने मुळातून रेसर्पिन वेगळे काढले. चार वर्षांत अमेरिकेच्या रॉबर्ट वुडवर्डने ते प्रयोगशाळेत पायरीपायरीने बांधून दाखवले. १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला.

आणि रानात? सर्पगंधेचे मूळ उपटले की झाड संपले. परदेशी मागणी वाढली तशी रानेच्या राने खणली गेली, माल कमी पडू लागला आणि गोणीत इतर झाडांची मुळे शिरली. सर्पगंधेच्याच कुळातल्या दुसऱ्या जाती, दिसायला तशाच, गुणाला वेगळ्या. पुढे आफ्रिकेतली एक जातभगिनी रेसर्पिनसाठी उचलली गेली. इथे सूक्ष्मदर्शकाने मोठे काम केले. आफ्रिकन मुळाचा पातळ काप भिंगाखाली धरला तर सालीत दगडासारख्या कठीण पेशींचे पुंजके दिसतात; खऱ्या सर्पगंधेच्या सालीत ते नसतात. इतकी साधी, इतकी पक्की खूण! अमेरिकन औषधसंहितेने रेसर्पिन गटातली अल्कलॉइडे किमान ०.१५ टक्के हवीत अशी अट घातली. एका मुळाला दोन परीक्षा लागू झाल्या : ते कोण आहे, आणि त्यात किती आहे. अखेर १९९० मध्ये सर्पगंधा धोक्यातल्या वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापार-करारात, ‘साइट्स’च्या दुसऱ्या परिशिष्टात, गेली. कोष्टकोळिंजन तर त्याआधीच, १९८५ मध्ये, पहिल्या आणि सर्वांत कडक परिशिष्टात गेले होते.

बडोद्यात ‘ते कोण’ आणि ‘त्यात किती’ हे दोन प्रश्न शिकवणारी माणसे आणि संस्था याच काळात उभ्या राहत होत्या. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच वर्षी महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झाले. कलाभवन त्याची तंत्रज्ञान शाखा बनले आणि औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण याच शाखेच्या छत्राखाली दीर्घकाळ चालले. रंगांच्या रसायनासाठी गज्जरांनी घातलेला पाया अशा रीतीने औषधांच्या रसायनापर्यंत येऊन ठेपला. वनस्पतिशास्त्र विभागातल्या चव्हाण आणि ओझा यांनी जवळच्या पावागड डोंगरावरच्या वनस्पतींची नोंद केली. ती १९६६ मध्ये विद्यापीठाने छापली. अशा कामाची किंमत बाजाराला चटकन कळत नाही. पण वनस्पतिसंग्रहालयात नाव, ठिकाण आणि तारीख लिहून चिकटवलेला वाळका नमुना नसेल, तर प्रयोगशाळेने संशयित मूळ कशाशी ताडून बघायचे? गुजरात सरकारची अन्न आणि औषध प्रयोगशाळाही बडोद्यातच आहे. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत वासू रिसर्च सेंटरसारखी वनौषधींची तपासणी करणारी खासगी केंद्रेही उभी राहिली.

आस्कंदाची ओळख सर्पगंधेइतकी सोपी नव्हती. रानात आपोआप उगवणारे झाड आणि शेतात लावलेले झाड यांच्या मुळांत एवढा फरक पडतो, की बाजारातले आस्कंद नेमके कशाचे याबद्दल जुने लेखक साशंक होते. १९५७ मध्ये लखनौच्या के. एन. कौल यांनी लागवडीच्या आस्कंदाला वेगळी जात मानून वेगळे शास्त्रीय नाव सुचवले. त्यावरचा वाद शास्त्रज्ञांत अजून पुरता मिटलेला नाही. १९६५ च्या सुमारास इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या लावी आणि ग्लॉटर यांनी या झाडातल्या विथाफेरिन-ए या द्रव्याची रचना उलगडली. तेव्हापासून अशा द्रव्यांसाठीचा विथॅनोलाइड हा शब्द आस्कंदाच्या भावाशी जोडला गेला.

इथेच बाजार आणि प्रयोगशाळा यांची फारकत होते. व्यापारी पिठूळ गाभ्याला भाव देतो, म्हणजे पिष्टाला. परदेशी खरेदीदार विथॅनोलाइडला भाव देतो. अमेरिकन औषधसंहिता आस्कंदाच्या मुळात विथॅनोलाइडे किमान ०.३ टक्के मागते. जाडजूड पांढरे मूळ या कसोटीला पहिले येईलच असे नाही. शेतकऱ्याने वर्षभर राबून पहिल्या प्रतीचा माल आणावा आणि यंत्राने त्याला मधल्या रांगेत बसवावे, असे घडू शकते. दोघांपैकी कोणीच खोटे बोलत नसते. दोघे वेगवेगळी गोष्ट मोजत असतात. हा फरक मंडीतल्या शेतकऱ्याला समजावून सांगण्याचे काम कोणीतरी करायला हवे होते. ते पुरेसे झाले नाही.

निर्यातीच्या तपासणीला खरी धार आली ती एका धक्क्याने. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. म्हणजे पाचांत एक. भारतात संताप झाला, बचाव झाला, रसशास्त्रातल्या भस्मांचे दाखले दिले गेले. पण निर्णयही झाला. निव्वळ वनस्पतींपासून बनवलेल्या आयुर्वेदिक, सिद्ध आणि युनानी औषधांच्या निर्यातीसाठी १ जानेवारी २००६ पासून जड धातूंची तपासणी सक्तीची ठरली. शिसे दर दशलक्ष भागांत १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३, याच्या आत हवे.

आज आस्कंदाची गोणी प्रयोगशाळेत आली की काम साध्या गोष्टींपासून सुरू होते. एकाच टोकातून मूठभर काढून भागत नाही; वरून, मधून, तळातून नमुना घ्यावा लागतो. काडीकचरा, देठ, माती वेगळे करून वजन होते. भारतीय आयुर्वेदिक औषधसंहिता दोन टक्क्यांपेक्षा जास्त परके द्रव्य चालवून घेत नाही. मग नमुना जाळून राख तोलतात. ती सात टक्क्यांच्या आत हवी. राखेवर आम्ल ओतून जे विरघळत नाही, ते बहुतांश वाळू असते. मूळ जमिनीतून येते आणि वजनावर विकले जाते, तेव्हा न झटकलेली माती म्हणजे नफाच. ही जुनी लबाडी या एका कसोटीत उघडी पडते. त्यानंतर काचेच्या पट्टीवर अर्काचे ठिपके चढवून त्यांचे पट्टे वाचणे, द्रव-वर्णलेखनाच्या यंत्रावर विथॅनोलाइडे मोजणे, जड धातू, कीटकनाशकांचे अवशेष, बुरशीचे विष, आणि साल्मोनेला आणि ई-कोलायसारखे जंतू. युरोपला जाणाऱ्या मालात इथिलीन ऑक्साइड या धुरीच्या वायूचा अवशेषही तपासावा लागतो. जंतू मारायला वापरलेला उपायच तिथे दोष ठरतो.

तरीही एक फसवणूक बराच काळ निसटत राहिली. आस्कंदाच्या पानांत विथॅनोलाइडे भरपूर असतात आणि पाने मुळांपेक्षा खूप स्वस्त पडतात. मुळाच्या अर्कात पानांचा अर्क मिसळला की यंत्रावरचा आकडा उलट छानच दिसतो. जनुकीय तपासणीही इथे उपयोगाची नाही. झाड तेच, मग जनुके तीच. पूड असेल तर जुना सूक्ष्मदर्शकच कामाला येतो, कारण पानाच्या पेशी मुळात नसतात. अर्क असेल तर कोणते विथॅनोलाइड किती प्रमाणात आहे, ही जुळणी बघावी लागते. २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने उत्पादकांना आस्कंदाची पाने वापरू नयेत असे सांगितले. २०२३ मध्ये डेन्मार्कने थायरॉइड, लैंगिक संप्रेरके आणि गर्भावरच्या परिणामांची शंका पुढे करून अश्वगंधेवर बंदीच घातली. त्या निर्णयाशी अनेक आयुर्वेदतज्ज्ञ सहमत नाहीत. पण परदेशात विकलेल्या मालात मूळ किती आणि पाने किती, हे आधीपासून चोख मोजले गेले असते, तर वाद घालायला भारताची बाजू कितीतरी भक्कम असती.

या साऱ्या इतिहासात एक गोष्ट डाचते. २००६ ची सक्ती पहिल्या टप्प्यात निर्यातीपुरती होती. बॉस्टनच्या ग्राहकासाठी शिसे मोजायचे आणि बडोद्याच्या, नाशिकच्या, बेळगावच्या ग्राहकासाठी ते उत्पादकाच्या मर्जीवर सोडायचे, हा क्रमच उलटा होता. टिंक्चरच्या काळात विलायतेच्या संहितेने मोजायला शिकवले, सर्पगंधेच्या काळात अमेरिकेच्या संहितेने, आस्कंदाच्या काळात अमेरिकेच्या एका लेखाने. विद्या इथे होती, माणसे इथे होती, प्रयोगशाळा इथे होत्या. मागणी तेवढी बाहेरून यावी लागली.

ती मागणी आता घरातून यायला हवी. आस्कंद घेणाऱ्याने शक्य असेल तर पुडीऐवजी अख्खे मूळ घ्यावे, मोडून बघावे आणि घरी दळावे. पूड किंवा गोळी घ्यायची असेल, तर डब्यावर मूळ लिहिले आहे की पंचांग, म्हणजे पानांसकट सगळे झाड, ते वाचावे. गर्भवतीने आणि थायरॉइडचे औषध घेणाऱ्याने वैद्याला किंवा डॉक्टरला विचारल्याशिवाय ते घेऊच नये. आणि डब्यावरचा तुकडी-क्रमांक कळवून त्या तुकडीचा तपासणी-अहवाल उत्पादकाकडे मागावा. परदेशी खरेदीदार तो रोज मागतो आणि त्याला तो मिळतो.